रांगेवरचा राग जपून ठेवा

येत्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा आणि दोन्ही मुलांना घेऊन आम्ही फ्लोरिडाला, ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डला जाणार आहोत. ओहायोच्या थंडीतून थोडी सुटका व्हावी आणि आई-बाबांना नातवंडांबरोबर चार निवांत दिवस मिळावेत, एवढाच विचार होता. मी तिथे याआधी गेले होते ते लग्नाआधी, अमेरिकेत नवी असताना, मैत्रिणींबरोबर. तेव्हा तिकीट काढलं आणि आत शिरलो, एवढीच तयारी. आता मुलं झोपली की मी आणि नवरा लॅपटॉप उघडून बसतो. कोणत्या राईड करायच्या हे पटकन ठरतं. वेळ जातो तो एकाच प्रश्नावर: रांगेत उभं राहायचं, की जास्तीचे पैसे भरून पुढे जायचं?

याच सुमारास घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही रांगेचाच वाद रंगला आहे. माहेर नाशिकचं, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलेला, त्यामुळे त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाची रांग हा तिथे घरोघरचा विषय. २०० रुपये भरून लवकर दर्शन देण्याच्या तिथल्या पद्धतीवरून मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. दादाचं मत पक्कं आहे: सगळं ऑनलाइन करावं, दर लावावेत, ज्याला घाई आहे त्याने भरावेत, पैसा शेवटी देवस्थानालाच जातो. वर तो मलाच साक्षीला काढतो. ‘तुमच्याकडे बघ, सगळं ॲपवर, सगळं उघड. आपल्याकडे पुढाऱ्याचा फोन आला की माणूस थेट गाभाऱ्यात.’ वहिनीला यातलं काही पटत नाही. देवाच्या दारात दरपत्रक कशाला, हा तिचा सवाल. साक्षीला काढलंच आहे तर इथे काय घडलं ते नीट सांगायला हवं, कारण दादा ज्याला सुधारणा म्हणतो तिची अखेर मी इथे रोज रात्री लॅपटॉपवर बघते आहे.

डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला. राईडच्या बाहेर यंत्रं असत. त्यात आपलं प्रवेशाचं तिकीट घातलं की एक कागदी चिठ्ठी बाहेर यायची, त्यावर तासाभराची वेळ छापलेली. त्या वेळेत परत यायचं आणि छोट्या रांगेतून आत जायचं. वेगळा पैसा नाही. एका वेळी साधारण एकच चिठ्ठी हातात असे. आम्ही मैत्रिणी तेव्हा विद्यार्थिनी होतो, खिशात फारसं काही नव्हतं, पण आमच्या हातातल्या चिठ्ठीत आणि महागड्या हॉटेलात उतरलेल्या माणसाच्या चिठ्ठीत काडीचा फरक नव्हता. सकाळी लवकर उठणं एवढंच काय ते भांडवल. मला तो दिवस अजून आवडतो तो या बरोबरीमुळे.

पुढे चिठ्ठी जाऊन मनगटावरचा पट्टा आणि आगाऊ नोंदणी आली, तरी पैसे नव्हते. २०२० मध्ये साथीत पार्क बंद झालं तेव्हा ही सोय थांबली आणि मोफत रूपात पुन्हा आलीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी दिवसाला माणशी १५ डॉलरची सेवा आली. वर्षभरात तिचा दर गर्दीप्रमाणे बदलू लागला. २०२४ च्या जुलैत नाव बदललं, लाइटनिंग लेन मल्टी पास झालं. आता डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कमध्ये या पासला दिवस पाहून माणशी २५ ते ४० डॉलर, ऐन सुटीत त्याहूनही जास्त. ट्रॉनसारख्या सगळ्यात मागणीच्या राईडचे पैसे वेगळे. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पासाची नोंदणी सात दिवस आधी खुली, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. आणि २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आणखी वरचा मजला बांधला गेला: प्रीमिअर पास. वेळ ठरवायची नाही, हवं तेव्हा या आणि पुढे जा. सुरुवातीला जाहीर झालेला दर, पार्क आणि तारीख पाहून, माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर. सहा जणांचं कुटुंब धरून गुणाकार करून पाहा. हे सगळं मूळ तिकिटाच्या वर, आणि ते तिकीटच गर्दीच्या दिवशी २०० डॉलरच्या आसपास गेलेलं.

वेगळे पैसे मोजणं हे तिथे अगदीच नवं नाही, हे दादाच्या बाजूने मान्य करते. १९७१ मध्ये हे पार्क उघडलं तेव्हा प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि राईडची कुपनं वेगळी होती, ए पासून ई पर्यंत. भारी राईडला ई कुपन लागायचं. १९८२ मध्ये ती पद्धत गेली आणि एका तिकिटात सगळं आलं. पण ई कुपन घेतलेला माणूसही सगळ्यांबरोबर रांगेतच उभा राहायचा. त्याने राईड विकत घेतली होती, दुसऱ्याच्या पुढची जागा विकत घेतली नव्हती. आजचा पास ती जागाच विकतो.

यातला हिशेब साधा आहे आणि मंदिरालाही जसाच्या तसा लागू पडतो. समजा एका राईडवर तासाला हजार माणसं बसतात. पास विकले म्हणून डबे वाढत नाहीत. मोफत रांगेत पाचशे माणसं आहेत, तर शेवटच्याचा नंबर अर्ध्या तासात लागायला हवा. आता हजारातल्या सहाशे जागा पासवाल्यांना दिल्या. उरल्या चारशे. त्याच पाचशे माणसांतल्या शेवटच्याला सव्वा तास लागेल. एकाची वाचलेली पाऊण तासाची वाट दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडलेली असते. मोफत फास्टपासच्या काळातही साधी रांग अशीच लांबायची, हे खरं. पण तेव्हा जो एका राईडवर थांबायचा तोच दुसऱ्या राईडवर चिठ्ठी घेऊन पुढे जायचा. आता थांबणारे ठरलेले आणि पुढे जाणारे ठरलेले.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते याच्या पुढचं. मोफत रांग जितकी लांब, तितकी पासला मागणी. ज्याच्या हातात रांग आहे त्याच्याच हातात पासाची विक्री दिली, की रांग छोटी करण्याची त्याला घाई राहत नाही. करमणुकीच्या कंपनीबाबत मी एक वेळ गप्प बसेन. तिचा धंदा आहे, नाही परवडलं तर जाऊ नये. देवस्थानाचा विश्वस्त मात्र त्याच मोहात पडला तर भाविकाने जायचं कुठे? दादाच्या म्हणण्यातला ‘पैसा देवस्थानालाच जातो’ हा भाग मला म्हणूनच धोक्याचा वाटतो. पासातून येणारा पैसा एकदा अंदाजपत्रकात शिरला की तो बाहेर काढायला कोणीही धजावत नाही.

वशिल्याबद्दल दादा बोलतो ते मात्र खरं आहे, आणि त्याचा राग मलाही आहे. इथे आमदाराचं पत्र चालत नाही. कार्ड असलेला कोणीही पास घेऊ शकतो, दर सगळ्यांना दिसतो. उघड दर हा लपलेल्या वशिल्यापेक्षा प्रामाणिक आहे. पण तो लागल्यावर लोकांच्या मनात काय होतं ते मी इथे पाहिलं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने पास घेतला नव्हता. शेजारच्या रांगेतून माणसं सरसर पुढे जात होती आणि त्यांची मुलगी विचारत होती, आपण का थांबलोय? आईने सांगितलं, आपण ते घेतलं नाही. मला हे सांगतानाही तिच्या आवाजात तक्रार नव्हती, होता तो आपण नियोजनात कमी पडलो असा सूर. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्येच नोंदवून ठेवलं आहे की अन्यायाने थांबावं लागलं तर तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. इथे तो अन्याय दरपत्रकावर आल्याबरोबर अन्याय वाटेनासा झाला. पैसे न भरणाऱ्याने तो स्वतःच्या माथी घेतला.

आपल्याकडे अजून तसं झालेलं नाही. लालबागच्या राजाच्या दर्शनाला सामान्य माणसाला ढकललं जातं आणि तिथेच नामवंत मंडळी निवांत फोटो काढतात, असे व्हिडिओ दर गणपतीत फिरतात आणि दर वर्षी लोक चिडतात. परदेशात बसलेले आपलेच काही लोक त्यावर नाक मुरडतात, इतका आरडाओरडा कशाला म्हणतात. मला तो आरडाओरडा हवा आहे. मंदिरांत पैसे घेऊन व्हीआयपी दर्शन देण्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ३१ जानेवारी २०२५ ला न्यायालयाने ती फेटाळली, निर्देश देण्याचा हा विषय नाही म्हणून, पण अशी खास वागणूक असू नये असं आपलं मत असू शकतं, हेही खंडपीठाने बोलून दाखवलं. त्याच्या दोनच दिवस आधी प्रयागराजच्या कुंभात मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली होती. सरकारने तेव्हा ३० मृत्यू सांगितले. लोकांच्या संतापानंतर व्हीआयपी पास रद्द झाले. इतके जीव जाण्याआधी ते व्हायला हवं होतं. तरी संताप नसता तर तेवढंही झालं नसतं.

आणि रांगेचा मान राखायचा कसा याचं उत्तर आपल्याच घरात आहे. आषाढीला पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा मुख्यमंत्री सपत्नीक करतात, तेव्हा त्यांच्या शेजारी बसणारं वारकरी जोडपं दर्शनबारीतून निवडलेलं असतं, तासन् तास उभं राहिलेलं. वहिनी याचाच दाखला देते आणि दादाकडे त्यावर उत्तर नसतं.

म्हणजे दादाला काहीच करू नका असं मी सांगत नाही. गर्दी खरी आहे आणि म्हाताऱ्या माणसांना आठ-दहा तास उभं करणं क्रूर आहे. माझं म्हणणं असं की, इथून उचलायचंच असेल तर डिस्नेची जुनी कागदी चिठ्ठी उचला, नवा पास नको. तिरुपतीला दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे ३०० रुपयांचं विशेष दर्शन आणि १०,००० रुपयांच्या देणगीवर मिळणारं ब्रेक दर्शन, दुसरीकडे सर्वदर्शनासाठी वेळ लिहिलेलं मोफत टोकन. टोकन घेतलेला माणूस वेळ होईपर्यंत सावलीत बसू शकतो. गर्दीचं नियोजन त्या मोफत टोकनाने होतं. दहा हजारांच्या देणगीने निधी जमतो, रांग एका माणसानेही कमी होत नाही.

आमचं सहलीचं आम्ही असं ठरवलं आहे: पास घ्यायचा नाही. नवऱ्याचं मत थोडं वेगळं होतं. आई-बाबा इतक्या लांबून एकदाच येणार, त्यांच्यासाठी एक दिवस तरी घेऊ या, असं तो म्हणाला, आणि एकदाच येणाऱ्या कुटुंबाला मी नावं ठेवणार नाही. पण त्याशिवाय करण्यासारखं बरंच आहे. तारीख मुद्दाम कमी गर्दीची धरली, मुलांची शाळा थोडी बुडेल. पार्क उघडण्याच्या आधी दारात पोहोचायचं आणि पहिल्या दीड-दोन तासांत मोठ्या राईड उरकायच्या. धाकटी अजून ट्रॉनच्या १२२ सेंटिमीटरच्या खुणेपासून बरीच खाली आहे. तिथे रायडर स्विच नावाची मोफत सोय वापरायची: एकाने धाकटीजवळ थांबायचं आणि दुसरा आला की पुन्हा रांग न लावता आपण जायचं. बाबांच्या गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची भाड्याने घेणार. खुर्चीमुळे रांग टळत नाही, बहुतेक ठिकाणी सगळ्यांबरोबरच जावं लागतं, पण बसून. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बसायला मिळतंय तर गप्पा होतील. दुपारी आईला विश्रांती हवी म्हणून तेव्हा हॉटेलवर परत. दोन राईड कमी होतील, होऊ देत.

दादा म्हणतो खोपोलीच्या इमॅजिकातही रांग टाळायचं जादा पैशांचं तिकीट निघालं होतंच, त्यावर कुणी याचिका केली नाही. खरं आहे. म्हणून तर मंदिराची रांग आत्ताच सांभाळायला हवी, त्या दरपत्रकाची आपल्याला इमॅजिकाइतकीच सवय होण्याआधी. सिंहस्थासाठी मी ग्रुपवर तीन गोष्टी लिहून पाठवल्या. वेळेचं टोकन सगळ्यांना मोफत. सत्तरीपुढचे, गरोदर बायका आणि अपंग यांच्यासाठी वेगळं दार, तेही मोफत. आणि कोणत्या दाराने तासाला किती माणसं आत सोडली तो आकडा दर्शनबारीच्या तोंडाशी फळ्यावर, दर तासाला, व्हीआयपींसकट. पहिल्या दोन दादाला निम्म्याअर्ध्या पटल्या. फळा मात्र त्यालाही हवा आहे, आणि देवस्थानाला पत्र लिहायचं तर पहिली सही आपली, असं त्याने कळवलं आहे.