सामुराई निष्ठेपोटी नाही, वैरापोटी परत येतात

गेले काही दिवस एक पोस्ट या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतेय. चेरीच्या झाडाखाली तलवार उपसून उभा सामुराई, आणि खाली मजकूर: 'सामुराई धन्याशी कधीच फितूर होत नसत. बंदुकीला त्यांनी हात लावला नाही. मेल्यावरही धन्याच्या सेवेसाठी ते पुन्हा जन्म घेतात अशी जपान्यांची श्रद्धा आहे. पुनर्जन्म ही कल्पना मात्र मूळची आपली, त्यांनी चोरलेली.' पुरावा म्हणून 'मिराज ऑफ ब्लेझ' या ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचं नाव. मी ती पाहिलीय. पोस्ट लिहिणाऱ्याने पाहिली असेल असं वाटत नाही.

मिझुना कुवाबारा यांची ही कादंबरीमालिका १९९० साली सुरू झाली आणि ४० भागांपर्यंत गेली. २००२ साली मॅडहाऊस या स्टुडिओने तिच्यावर १३ भागांची ॲनिमे काढली. मात्सुमोतो शहरातला ताकाया हा शाळकरी पोरगा, त्याच्या अंगात उएसुगी कागेतोराचा आत्मा, आणि आजूबाजूला सोळाव्या शतकातले सरदार भुतं होऊन जुन्या लढाया उकरून काढतायत, अशी गोष्ट.

आता हा कागेतोरा घ्या. होजो घराण्यातला मुलगा, एचिगो प्रांताचा सरदार उएसुगी केन्शिन याला दत्तक गेलेला. १५७८ मध्ये केन्शिन वारला. वारस कोण हे त्याने सांगितलेलं नव्हतं, आणि दुसरा दत्तक मुलगा होता त्याचा सख्खा भाचा कागेकात्सू. दोघांत भाऊबंदकी पेटली. कागेतोराच्या मदतीला आलेला सरदार ताकेदा कात्सुयोरी सोनं घेऊन कागेकात्सूच्या बाजूला गेला. कागेतोराच्या लहान मुलाला तहाच्या बोलणीसाठी नेत असताना वाटेतच मारलं. शेवटी तो स्वतः ज्या सामेगाओ गडावर आसऱ्याला गेला, त्या गडाचा किल्लेदारच फितूर झाला, आणि १५७९ मध्ये कागेतोराने पोटात तलवार खुपसून घेतली. ॲनिमेत त्याची पाठराखण करणारा नाओए तर इतिहासात कागेकात्सूच्या बाजूचा. तो १५८१ मध्ये मेला, तोही रणांगणावर नाही. त्या भाऊबंदकीच्या लढाईतल्या इनामावरून चिडलेल्या एका सरदाराने गडाच्या आतच तलवार चालवली, त्यात गेला. 'कधीच फितूर होत नसत' याचा पुरावा म्हणून पोस्टवाल्याने नेमकी हीच गोष्ट निवडली, याला काय म्हणावं!

फितुरीची ही एकच गोष्ट नाही. १५८२ मध्ये अकेची मित्सुहिदेने होन्नोजी मंदिरात आपल्याच धन्याला, ओदा नोबुनागाला घेरलं. १६००च्या सेकिगाहाराच्या लढाईत कोबायाकावा हिदेआकी ऐन वेळी शत्रूला मिळाला आणि पारडं फिरलं. 'बुशिदो', म्हणजे सामुराईंचा आचारधर्म, म्हणून आज जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं नितोबे इनाझो या जपानी लेखकाच्या पुस्तकातून आलेलं आहे. ते छापलं गेलं १९००च्या सुमारास, मूळ इंग्रजीत, परदेशी वाचकांसाठी. तेव्हा सामुराई हा वर्गच उरला नव्हता. कमरेला तलवार लावून हिंडायला १८७६ मध्येच बंदी आली होती.

बंदुकीचं दोन ओळींत उरकतो. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज आले, त्यांच्याकडच्या तोड्याच्या बंदुका जपानी लोहारांनी बघता बघता घडवायला घेतल्या. १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत ताकेदांची फौज झोडपली गेली ती याच बंदुकांपुढे.

पुनर्जन्माचा मुद्दा जरा नाजूक आहे. ॲनिमेत जे घडतं त्याला पुनर्जन्म म्हणताच येत नाही. कागेतोरा आणि त्याची माणसं दुसऱ्याच्या देहात शिरतात, चारशे वर्षं हेच करत आलीत, आणि ज्याचा देह घेतला त्याचं काय, हा सल त्यांना पोखरत असतो. आपल्याकडे याला परकायाप्रवेश असा सरळ शब्द आहे. यामागे जपानातली फार जुनी भीती आहे, अतृप्त, सूडाने पेटलेल्या मृतांची. सुगावारा नो मिचिझाने (हा सामुराई नव्हे, दरबारी पंडित) ९०३ मध्ये हद्दपारीत मेला. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडली, ती त्याचीच म्हणून लोकांनी त्याला देव करून शांत केलं. आज मुलं परीक्षेआधी त्याच्या देवळात जातात. ९४० मध्ये मारल्या गेलेल्या बंडखोर मासाकादोच्या मुंडक्याची समाधी टोकियोत ओतेमाचीच्या टोलेजंग इमारतींच्या मधोमध अजून जपून ठेवलीय.

आणि चोरी? केन्शिन स्वतःला बिशामोनतेनचा अवतार मानायचा. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. ॲनिमेत भूत बांधताना म्हणतात तो मंत्र कान देऊन ऐका: 'नोमाकु सामांदा बोदानान बैशिरामांदाया सोवाका'. नमः समन्तबुद्धानां वैश्रवणाय स्वाहा! पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी मागे नेऊन तीनदा ऐकलं. चीनमार्गे बौद्ध भिक्षूंनी नेलेला हा मंत्र ते बाराशे वर्षं म्हणतायत. चोरीचा माल कुणी इतका निगुतीने सांभाळत नाही.

खरं तर पोस्टवाल्याच्या बाजूने एक भक्कम दाखला होता, तो त्याला सापडलाच नाही. १३३६ मध्ये मिनातोगावाच्या लढाईत हरल्यावर बादशहाच्या बाजूने लढणाऱ्या कुसुनोकी मासाशिगेने भावाला शेवटची इच्छा विचारली. भाऊ म्हणाला, सात वेळा माणसाचा जन्म घेऊन बादशहाचे शत्रू मारावेत. दुसऱ्या महायुद्धात याचीच घोषणा करून पोरांना मरायला पाठवलं. पण 'ताइहेइकी' या चौदाव्या शतकातल्या बखरीत मासाशिगेचं उत्तर असं आहे की हा विचार पापाचा आहे, तरी माझ्याही मनात तोच आहे. त्याच बखरीत तो पुढे परतही येतो. त्याला मरण पत्करायला लावणारा ओमोरी हिकोशिची वाटेत भेटलेल्या एका देखण्या बाईला पाठुंगळी घेतो, ती पाठीवरच राक्षसीण होते, आणि मग रात्री-अपरात्री मासाशिगेचं भूत हिकोशिचीची तलवार मागायला येत राहतं.