दीड लिटर कटला

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी एका म्हशीला 40 रुपये दिले. काल संध्याकाळी 120 दिले होते. म्हैस माझी नाही, तिच्या दुधाचा थेंब माझ्या घरी आलेला नाही, आणि ज्या माशापायी हे सगळं रामायण झालं तो माझा गळ ओठात घेऊन आत्ता नदीत कुठंतरी मजेत फिरत असणार. गळ 35 रुपयांचा. तोही धरा हिशोबात.

रविवारी सकाळी कोल्हापूरचा माणूस मटणाच्या दुकानापुढं रांगेत असतो. तिथं दिसला नाही तर तो आजारी आहे किंवा पाहुण्याकडं गेलाय असं समजतात. मी यातला कुठलाच नाही. मी गळ टाकायला जातो. बावीस वर्षं झाली. घरात याला छंदही म्हणत नाहीत आणि व्यसनही म्हणत नाहीत, नुसतं ‘ह्यांचं ते’ म्हणतात.

प्रयाग चिखलीला, पंचगंगेच्या संगमाच्या जरा वरच्या अंगाला, शहराचे नाले नदीला भेटायच्या आधी जे बरं पाणी आहे तिथं माझी जागा आहे. माझी आहे असं काल सकाळी सातपर्यंत मला वाटत होतं.

एरवी तिथं मिळते ती चिलापी. तळहाताएवढी, काटेरी, आणि चेहऱ्यावर ‘काय करायचंय ते करा’ असा भाव. ही मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणली, आणि आता गळ टाकला की पहिला मान तिचाच. म्हणून काल मी पेंड, भाजलेलं बेसन आणि मैदा मळून मोठा गोळा लावला आणि तळाला न बसवता वरच्या पाण्यात तरंगत ठेवला. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरवर खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ चिखलात. तीन भावांच्या वाटण्या झाल्यासारखं आहे. तसा कटलाही आपल्या नदीचा नव्हे, गंगेकडचा. पण इथं सोडला आणि रुळला. दांडगा झाला.

सात वाजायला आले असतील. काठीच्या टोकाचं घुंगरू एकदा वाजलं. मग थांबलं. मग काठीच उठून नदीकडं निघाली.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. रीळ असं ओरडतं, की जणू कुणी त्याचा हात पिरगाळतंय. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पाणी चिरत पलीकडच्या काठाकडं जातो, आणि तो जाताना पाण्यावर जो बारीक पांढरा चरा उमटतो तो बघत राहावं वाटतं. माणूस 47 वर्षांचा असतो, गुडघा धरलेला असतो, घराचा हप्ता थकलेला असतो. त्या पाच-सात मिनिटांत यातलं काही नसतं. दोरीच्या त्या टोकाला कुणीतरी आहे आणि त्याला तुमच्याकडं यायचं नाही, एवढंच असतं.

आणि याच वेळी माझ्या पाठीशी आवाज आला.

“पावणं, जरा सरका. म्हैस पाण्यात सोडायची हाय.”

मी मान न वळवता म्हटलं, “मामा, मासा लागलाय.”

“लागू दे की. ती काय करती तुमच्या माशाला?”

“दोन मिनिटं धरा तिला. मोठा आहे.”

“ती ऱ्हात न्हाई. सात वाजलं की जाती. तिला येळ कळती.” मग आवाज जरा खाली आणून, “आन् ही जागा तिची हाय. धा वर्सं झाली, तिची आईबी हितंच बसायची.”

एवढ्या वर्षांत माझ्या जागेला वंशपरंपरेचा दुसरा मालक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मागं बघितलं. सत्तरीचा गडी, खांद्यावर टॉवेल, कान कुस्तीत चुरगळून मोदकासारखे झालेले. आणि शेजारी ती. पंढरपुरी म्हैस. ही जात ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, हिची शिंगं तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत गेलेली असतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पुढ्यात काढलेलं धारोष्ण दूध पिताना मी या शिंगांचं कौतुक करत आलोय. ते मी मागे घेतो.

तेवढ्यात कटला वर आला. एकदाच. आधी पाणी फुगलं, मग ते रुंद डोकं, तो खालचा जाड ओठ, आणि उलटताना सकाळच्या उन्हात चमकलेली एक बाजू. खवला म्हणजे जुन्या रुपयाएवढा. मी आकडा सांगणार नाही, कारण गेलेल्या माशाचं वजन सांगणाऱ्याकडं लोक कसं बघतात ते मला माहीत आहे. मामांनी तो बघितला आणि त्यांच्यातला म्हशीवाला मागं हटून पैलवान पुढं आला.

“आगागागा! वडू नगासा! ताजा हाय गडी, दमू दे त्याला!” मी ढील दिली. “लई न्हवं! लई ढील दिली तर सुटतोय!” मी ताण घेतला. “त्येच्याच जोरानं त्येला फिरवा. आमचा वस्ताद म्हनायचा, भारी गड्याला उचलायचं नसतंय, त्येला चालवायचं असतंय.” मी काठी आडवी करून चालवायला लागलो. “आता घ्या! आता घ्या की! अवो सोयऱ्याच्या घरची कपबशी धरल्यागत काय धरलीय काठी!”

सगळ्यात चीड याची, की म्हातारा बरोबर सांगत होता. मासा वळला. दमलेला मासा एका कुशीवर येतो, तसा आला. अंतर राहिलं पंधरा-वीस फूट. मी जाळी घ्यायला डावा हात मागं केला.

मामा खासबागच्या कुस्तीच्या मैदानात पोहोचले होते. टॉवेल फिरवत होते. दोन्ही हातांनी.

म्हणजे दावं कुणाच्याच हातात नव्हतं.

ती पळाली वगैरे नाही. शांतपणे, देवळात जाणाऱ्या बाईसारखी, माझ्या आणि माशाच्या मधून पाण्यात उतरली. तंगूस तिच्या उजव्या शिंगावर चढला. तिनं डोकं हलवलं. एका टोकाला मी, एका टोकाला कटला, मधे पंढरपुरी. तिनं दुसऱ्यांदा डोकं हलवलं आणि काठी सरळ झाली.

तरी आपण रीळ फिरवत राहतो. कदाचित मासा आपल्या दिशेनं येतोय, म्हणून ढिलं लागतंय. दहा-बारा वेढे तरी माणूस ही थाप स्वतःला मारतो. मग पाण्यातून नुसतं टोक बाहेर येतं.

“गेला व्हय?” मामा म्हणाले. थोडं थांबून, “बरोबरीत सुटली म्हना.” मग पाण्यात जाऊन त्यांनी म्हशीचं शिंग चाचपलं, मान चाचपली, आणि परत आले ते म्हशीवाले होऊनच. “पर पावणं, म्हैस भ्याली.”

म्हैस रवंथ करत होती.

“तिसऱ्या येताची हाय. येळंला पाच लिटर देती. आता सांजंला पान्हा चोरंल. त्येचं काय?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी माझा नंबर घेतला. संध्याकाळी साडेसहाला फोन. “साडेतीनच निघालं. दीड लिटर तूट. गिऱ्हाइकाला 80 नं घालतो. तुम्हीच करा हिशोब, शिकलेलं दिसता.”

भ्यायलेलं जनावर खरंच पान्हा चोरतं का, हे मी घरी येऊन वाचलं. चोरतं. पान्हा सोडायला जे ऑक्सिटोसिन लागतं त्याचं काम भीतीनं वाढलेलं अॅड्रेनॅलिन अडवतं. इथंही म्हातारा बरोबर. बायकोला सांगितलं तर म्हणाली, “मासा नाही मिळाला, निदान दूध तरी आणायचं.”

आता जरा वेगळं. चिडायचंच आहे तर नीट चिडतो. दीड लिटर दूध कमी निघालं तर बारा तासांत भरपाई होते. याच नदीत खालच्या बंधाऱ्याला उन्हाळ्यात मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत आलेले मी बघितलेत. दुसऱ्या दिवशी पांढरी पोटं वर. मी बावीस वर्षं ज्याची वाट बघतोय तसले कटले, गळ न लावता कुणीही हातानं उचलावेत असे. लोक टोपल्या घेऊन आले होते. मग पाण्याचे नमुने घेतात, पंचनामा होतो, पुढच्या उन्हाळ्यात पंचगंगेचा पुन्हा पंचनामा. पुण्याला तरी कुठं वेगळं आहे? दख्खनच्या महसीरचं ‘खुद्री’ हे नाव साइक्स नावाच्या साहेबानं 1839 साली शास्त्रात नोंदवलं, ते मुळा-मुठेतला मासा बघून. मुळा-मुठेतला! आज त्या नदीच्या पुलावरून लोक नाकाला रुमाल लावून जातात. महसीर निवांत बघायचा तर महाडजवळ वाळण कोंडीला जावं लागतं. तिथं देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही, उलट कुरमुरे घालतात. जावयासारखे राहतात. आमच्या नदीतल्या माशांना ना देवी, ना दूध मोजणारा मामा.

असो. पैसे का दिले, ते राहिलं.

ते टोक. तंगूस ताणानं तुटला तर टोक सरळ राहतं, शिंगावर घासून तुटला तर खरबरीत होतं. माझ्या हातातलं टोक गुळगुळीत होतं आणि डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालेलं. ही तुटल्याची खूण नव्हे, ही गाठ सरकल्याची. शनिवारी रात्री मॅच बघत मारली होती. आवळायच्या आधी थुंकी लावायची असते, नाहीतर नायलॉन घासून तापतो आणि गाठ कच्ची राहते. विकेट पडली आणि राहून गेलं.

मी ते टोक दातानं तोडून खिशात टाकत होतो तेव्हा मामा बघत होते. काही बोलले नाहीत. नुसते बघत होते, आणि म्हशीच्या शिंगावरून हात फिरवत होते.

आज सकाळी पुन्हा फोन. “अर्धा लिटर तूट हाय आजून.” मी लगेच 40 पाठवले. पाठोपाठ मामांच्या नातवाच्या नंबरावरून आवाजाचा मेसेज आला, मागं भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज, “मिळालं. ऐतवारी येनार असला तर सातच्या आत या. आन् घरनं गाठ बघून या.”