घर बघायला जा, पण बघू नका

उपनगरात वन बीएचके भाड्याने घ्यायचं ठरवलंत? छान. आता मोजपट्टी, टॉर्च आणि चिकित्सक स्वभाव या 3 गोष्टी घरी ठेवा आणि मगच निघा. घर बघायला गेलेल्याने बघत बसू नये, हा या व्यवहारातला पहिला शिष्टाचार.

जाहिरातीतला हॉल प्रत्यक्षात निम्माच निघाला, तर कुणी खोटं बोललं असं समजू नका. फोनची अल्ट्रा-वाइड लेन्स कोपऱ्यात उभी राहून साधारण 120 अंशांचा पसारा टिपते आणि समोरची भिंत लांब ढकलते. तुम्ही मात्र मधोमध उभे राहून बघता. चूक कुणाची?

तसंच ‘स्टेशनपासून 5 मिनिटं’चं. साधारण माणूस ताशी 5 किलोमीटर चालतो, म्हणजे 5 मिनिटांत 400 मीटरच्या आसपास. स्टेशन 2 किलोमीटरवर निघालं, तर ताशी 24 किलोमीटर पळा. मॅरेथॉनमधले जगातले सर्वोत्तम धावपटूही 21च्या पुढे फारसे जात नाहीत, पण त्यांना कुठे 8:12ची गाडी पकडायची असते! आणि जाहिरातीत ‘पायी’ हा शब्द नव्हताच, जरा नीट वाचत चला.

बेडरूम 10 बाय 10 आहे? प्रशस्त! साडेसहा फूट पलंगाला, 2 फूट कपाटाला, उरले दीड. कपाटाचं दार अर्धंच उघडेल, तेव्हा कपडेही अर्धेच ठेवा.

बाथरूमला लागून असलेल्या एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर मालकाला रंगसंगतीची आवड आहे असं धरून चाला. त्या भिंतीला हात लावू नका. रंग ओल झाकतो, सुकवत नाही, हे ज्ञान काही महिन्यांनी पोपडे आणि पांढरी भुकटी यांच्या रूपाने घरबसल्या मिळणारच आहे. घाई कसली?

शक्यतो सर्वांत वरचा मजला घ्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊब देतो. शिवाय पाणी. पाण्याला दाब उंचीमुळे मिळतो, दर 10 मीटरला सुमारे 1 बार. गच्चीवरची टाकी तुमच्या शॉवरच्या 2 मीटरच वर असली, तर तुमच्या वाट्याला 0.2 बार येतो. डोक्याला साबण लावून शॉवरखाली उभं राहिलं, की माणसाला चिंतनाला भरपूर वेळ मिळतो. हा नळ सोडून बघायचा मोह घर बघतानाच होईल. आवरा. परक्याच्या घरात नळ सोडतात का?

घर बघायची वेळ मालक सांगेल तीच, म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी 11. तेव्हा इमारत झोपल्यासारखी शांत असते. ‘रात्री 9 वाजता येऊ का?’ असं विचारणारा माणूस कजाग ठरतो. सर्वांत वरचा मजला मिळाला नसेल, तर डोक्यावर खुर्ची सरकली की तो धक्का स्लॅबमधून थेट खाली उतरतो आणि शेजाऱ्यांचं भांडण 4 इंची भिंतीपलीकडून शब्दशः ऐकू येतं, हे राहायला गेल्यावर कळण्यातच गंमत आहे. पहिल्या महिन्यात तुम्ही त्रासता; तिसऱ्या महिन्यात बाजू घेऊ लागता.

आता डिपॉझिट. ही रक्कम तुमचीच असते, फक्त तुमच्याकडे नसते. काही आततायी लोक राहायला गेल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, फरशीच्या तड्याचे फोटो काढून मालकाला पाठवतात आणि पोच मागतात. असा संशयीपणा तुम्ही करू नका. मी केला नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात माझ्याही आधीपासून तडकलेली एक फरशी होती. घर सोडताना मी तिचे पैसे भरले. पुढे आधीचा भाडेकरू भेटला, त्यानेही भरले होते. ती फरशी अजून तिथेच आहे, आणि तिच्याइतकं नियमित उत्पन्न मला नाही. करारात ‘सर्वसाधारण झीज’ वगळलेली असते खरी, पण तुमच्या हातून झालेली कुठलीच झीज सर्वसाधारण नसते.

शेवटच्या महिन्यात मालक नवं गिऱ्हाईक घेऊन येईल. एक तरुण जोडपं, हातात मोजपट्टी नाही, टॉर्च नाही. तुम्ही सहज म्हणून त्या पोपड्यांच्या भिंतीला टेकून उभे राहा. मुलगी विचारेल, ‘‘पाण्याचं कसं आहे हो इथे?’’ मालक तुमच्याकडे बघून हसेल. डिपॉझिट अजून त्याच्याकडेच आहे.

‘‘काहीच तक्रार नाही,’’ म्हणा. ‘‘हवा तर इतकी छान येते!’’