दवाखान्यात डॉक्टर असतोच की!

गणपतीच्या आधीपासून एक मेसेज आमच्या गुहागरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. वाडीचा ग्रुप झाला, बचत गटाचा झाला, परवा माहेरच्या ग्रुपवरही आला. आशय असा: सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं आणि त्याला श्वास देणं, हे डॉक्टरचं काम, दवाखान्यातल्या सिस्टर-कंपाउंडरनी त्याच्या नादी लागू नये. चुकीचं दाबलं तर बरगड्या मोडतात, चालतं हृदय बंद पडतं. तोंडाला तोंड लावावं लागतं. पेशंट गेला तर केस दाबणाऱ्यावर. त्यापेक्षा १०८ ला फोन लावावा आणि तोवर पेशंटला जोरजोरात खोकायला सांगावं. खाली हात जोडलेल्या तीन इमोजी आणि ‘जनहितार्थ’.

मी एका जनरल प्रॅक्टिसच्या दवाखान्यात केसपेपर काढते, ड्रेसिंग करते, मावशी आल्या नाहीत तर लादीही पुसते. म्हणजे हा मेसेज माझ्यासाठीच आहे. तर एकेक बघू.

डॉक्टर असतोच, हे पहिलं. आधी जिथे कामाला होते तिथली गोष्ट. सकाळचे साडेदहा, सर व्हिजिटला गेलेले, बाहेर सातआठ पेशंट. भिंतीकडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या काकांनी मान टाकली. त्यांची बायको ओरडली, “पाणी मार गो तोंडावर!” मी मारलं. कोणीतरी शेजारून कांदा फोडून आणला, तो नाकाशी धरला. काका खुर्चीतच होते. मधूनच त्यांचं तोंड उघडायचं, जाळ्यातून काढलेल्या माशासारखं, घशातून एक घरघर यायची, मग बराच वेळ काही नाही. आणि मी सगळ्यांना मोठ्याने सांगत होते, “श्वास चालू आहे, घाबरू नका.” बारा मिनिटांनी सर आले. त्यांनी मानेला दोन बोटं लावली, वाकून छाती पाहिली आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मला काहीच बोलले नाहीत.

ती घरघर म्हणजे श्वास नव्हता. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं अशी आचके दिल्यासारखी हालचाल होऊ शकते, आणि बघणारे तिलाच श्वास समजून थांबून राहतात. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढ्यावर दाबायला सुरुवात करायची असते, हे मला दोन वर्षांनी एका अर्ध्या दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये कळलं. रक्त पोचलं नाही तर मेंदूला चारेक मिनिटांत इजा व्हायला लागते. काही न करता गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. बारा मिनिटांचा हिशेब मी तिथेच बसून केला होता.

आणि समजा सर आतच असते, तरी त्यांना हात दोनच. छाती दाबायची, हाताने दाबून श्वास द्यायची ती अँबू बॅग धरायची, सलाईन लावायचं, १०८ ला पत्ता सांगायचा, नातेवाइकांना बाजूला करायचं. छाती दाबणारा दोन मिनिटांत दमतो, नकळत उथळ दाबायला लागतो, म्हणून माणूस बदलावा लागतो. बदली कोण? मावशीच.

बरगड्या. हो, मोडतात. नीट दाबलं तरी मोडतात, म्हाताऱ्या माणसांच्या तर जास्तच. मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खाली जायला हवी, ६ च्या पुढे नको. कडकड आवाज आला की पोटात गोळा येतोच. पण मोडलेली बरगडी पुढे जुळते. राहिलं ‘चालतं हृदय बंद पडतं’. माणूस नुसता बेशुद्ध असला आणि तुम्ही दाबलंत, तर बहुधा तो कण्हेल, नाहीतर तुमचा हात झटकेल. तुम्ही थांबाल. अशा वेळी गंभीर इजा क्वचितच होते.

या मुद्द्यात खरी चूक वेगळीच असते आणि ती मेसेजवाल्याला सुचलेली नाही: लोक खुर्चीत किंवा गादीवर दाबत बसतात. तपासणीच्या टेबलावरची जाड गादीसुद्धा दाब खाऊन टाकते. काकांना आधी खाली लादीवर घ्यायला हवं होतं. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. लय जमावी म्हणून आमच्या मावशींनी आरती धरली होती. मोबाईलवर ठोके लावून पाहिले तर मावशींची आरती १३० च्या पुढे पळत होती! आता त्या आकडे मोजतात.

तोंडाला तोंड लावण्याच्या मुद्द्यावर फार बोलायला नको. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत पुढे आणली, ती याच अडचणीवर. दवाखान्यात तर अँबू बॅग असते किंवा असायला हवी. तिथे ३० वेळा दाबून २ श्वास. मात्र आपण किनाऱ्यावर राहतो, तेव्हा एक गोष्ट वेगळी सांगते. समुद्रातून काढलेल्या माणसाला नुसतं दाबून भागत नाही. तो श्वास कोंडून गेलेला असतो, त्याला आधी श्वास द्यायचा. लहान मुलांनाही श्वास लागतोच. आणि पोट दाबून पाणी काढणं, पाय धरून उलटं टांगणं, हे प्रकार बंद करा. त्यात वेळ जातो, आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात उतरते.

केस. भल्या हेतूने, जीव वाचवायला, संमती घ्यायला वाव नसताना केलेल्या कृतीला कायद्याने संरक्षण आहे. जुन्या दंडविधानात ते कलम ९२ होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३० आहे. मोटार वाहन कायद्यातलं १३४अ, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं, ते मात्र रस्त्यावरच्या अपघातापुरतं. ते इथे फेकू नये. उलट मला वाटतं, दवाखान्यात पगार घेऊन उभी असलेली बाई हात बांधून का राहिली, हाच प्रश्न नातेवाईक आधी विचारतील. मला तो त्या काकूंनी विचारला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता खोकला. हा तुकडा जुना आहे, इंग्रजीतून हिंदीत आणि तिथून आपल्याकडे येताना दरवेळी त्याला नवं शेपूट फुटतं. हृदय बंद पडलं की माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. बेशुद्ध माणसाला खोकायला सांगणार कसं? मॉनिटर लावलेल्या पेशंटचा ठोका डोळ्यांदेखत बिघडला, तो अजून शुद्धीत आहे आणि डॉक्टर शेजारी उभे आहेत, अशा वेळी काही क्षणांपुरतं खोकायला लावतात. त्यातून हा मेसेज निघाला. छातीत कळ येत असेल तर ती हार्ट अटॅकची असू शकते, हृदय अजून चालू असतं. अशाने खोकत बसू नये, शांत बसावं आणि लगेच कोणाला तरी बोलवावं.

शिवाय दवाखान्यात कोसळणारे बहुतेक जण हृदयाचे नसतातच. कोणी सुई बघून चक्कर येऊन पडतो: आडवं करा, पाय वर घ्या. कोणी डायबेटिसवाल्या आजी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या असतात आणि त्यांची साखर उतरते: गिळता येत असेल तर साखरपाणी, बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही नको. फिट आलेल्याला कुशीवर वळवा. चप्पल आणि चमचा लांब. इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठून दम लागला तर मांडीत अ‍ॅड्रेनलिन आधी, अ‍ॅविल हे अ‍ॅलर्जीचं औषध मागून. ते सर देतात, पण अँपूल कुठल्या खणात आहे हे मला झोपेतही सांगता यायला हवं.

राहिली १०८. महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, डॉक्टरसकट येते, फुकट येते. फोन लावायचाच, तोही दाबायला सुरुवात करतानाच, स्पीकरवर. पण गुहागर ते चिपळूण ४५ किलोमीटरच्या आसपास, सगळा वळणाचा रस्ता, आणि पावसात एखादं झाड आडवं असतंच. गाडी जवळच उभी असली तरी चार मिनिटांत आमच्या वळणापर्यंत येत नाही. म्हणून एकाला नाक्यावर पाठवायचं; आमचा पत्ता ‘फणसाकडून डावीकडे’ असा आहे.

ट्रेनिंगहून आल्यावर मी नव्या दवाखान्याचा इमर्जन्सी ट्रे उघडला. अँबू बॅगचा मास्क चिकट होऊन तडकलेला. अ‍ॅड्रेनलिनची तारीख फेब्रुवारीत उलटलेली. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला, पण त्याची चावी खाऱ्या हवेने गंजलेली, आणि तीही कपाटावर, ग्लोव्हजच्या खोक्यामागे. सर म्हणाले, “बरं झालं, आजच बघितलंस.” आता दर महिन्याच्या एक तारखेला मी ट्रे तपासते, सही करते. दर तीन महिन्यांनी ओपीडी संपल्यावर उशीवर का होईना, सगळे हात चालवून बघतो, कारण शिकलेलं काही महिन्यांत विसरतं. नवी चावी सिलिंडरच्या मानेलाच सुतळीने बांधून ठेवली आहे.