जॉबावरनं जॉब

कोल्हापूरच्या गंगावेशीत रात्री दूधकट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी समोरच धार काढतो, ग्लास फेसासकट हातात येतो, आणि तो रिकामा व्हायच्या आत पप्या काहीतरी वाद काढतो. परवा त्यानं ड्रॅगन काढला.

पप्या पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करतो आणि उरलेल्या वेळात वाचतो. दोन महिने झाले, अ‍ॅन मॅकॅफ्री या लेखिकेच्या 'पर्न' या विज्ञानकथांच्या मालिकेत बुडालाय. "माझ्यापुरतं पर्न संपलं," तो मिशीचा फेस पुसत म्हणाला. "आईनंतर पोरानं लिहायला घेतलंय. नाव आईचं, ड्रॅगन आईचे, पण त्यात जीव न्हाय. माणूस गेलं की त्याचं जग बंद करावं."

संभाची शिरोलीला छोटी फाउंड्री आहे. मुळाशी गेल्याशिवाय तो वादात उतरत नाही. "आधी हे सांग, ड्रॅगन म्हंजे जादूच की. त्याला विज्ञान कशाला चिकटवालाईस?"

मग पप्यानं जे सांगितलं, ते मानलं पाहिजे, झकास सांगितलं. पर्न हा दूरचा ग्रह, पृथ्वीवरनं माणसं तिथं वस्तीला गेलेली. जवळनं एक तांबडा तारा फिरतो. तो जवळ आला की पन्नासेक वर्षं आभाळातनं दोरे पडत राहतात आणि पडतील तिथं हिरवी काडी ठेवत नाहीत. मग दोनेकशे वर्षं निवांत. दोरे हवेतच जाळायला ड्रॅगन. तेही कुठल्या मंत्रानं आलेले नाहीत. तिथल्याच उडणाऱ्या बारक्या सरड्यांच्या जनुकांवर काम करून माणसांनी ते वाढवले. आगसुद्धा फुकट नाही, आधी एक ठरावीक दगड चावून खायचा, त्याचा पोटात फॉस्फिन वायू होतो, तो तोंडाबाहेर आला की पेटतो.

"म्हंजे आधी चार्ज टाकाय लागतोय," संभा खूश झाला. "आमच्या क्युपोला भट्टीसारखं. बरं हाय."

अर्थात, हेच ड्रॅगन माणसाशी मनातल्या मनात बोलतात आणि पापणी लवायच्या आत दुसऱ्या गावाला पोचतात. त्याला कसला वायू नाही नि दगड नाही. एक पाय प्रयोगशाळेत आणि एक परीकथेत, असा हा प्रकार. पहिली कथा 1967 ला 'अ‍ॅनालॉग' मासिकात आली आणि पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचं मोठं पारितोषिक, मिळालं. कथालेखनासाठी ह्यूगो मिळवणारी ती पहिली बाई. 2003 मध्ये मुलगा टॉड तिच्याबरोबर लिहायला लागला, 2005 मध्ये त्यानं एकट्यानं पुस्तक काढलं. 2011 ला बाई गेल्या. 2018 ला मुलगी जीजीचंही एक आलं.

"करवंटी," मास्तर म्हणाले.

मास्तर चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेत. एक शब्द टाकून गप्प बसायची सवय वर्गातली. आम्ही वाट बघितली.

"1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनी मधेमधे आपल्या ओव्या घुसवल्या होत्या, त्या काढल्या, आणि शेवटी दम देऊन ठेवला. 'ज्ञानेश्वरी पाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' नरोटी म्हणजे करवंटी. अमृताच्या ताटात."

पप्यानं मांडीवर थाप मारली. "झालं की! नाथांनीच निकाल दिला."

"गप. आता पुढचं ऐक. त्याच नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अर्धवट राहिलं. पुरं कोणी केलं?"

कोणीच बोललं नाही. म्हशीनं तेवढी शेपटी हलवली.

"गावबानं. पुरणपोळीच्या आशेनं नाथांच्या घरी राहिलेलं पोरगं, गावानं ढ म्हणून सोडून दिलेलं. नाथांनी सांगितलं, हा पुरं करील. केलंनही. अशी परंपरा सांगते." मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. "पुरं झालेल्यात भर घातलीस तर करवंटी. अर्धवट राहिलेलं पुरं केलंस तर गावबा."

मला हे इतकं आवडलं की वाद इथंच संपावा असं वाटलं. पण पप्या कुठला ऐकतोय. "मग पर्न पुरं झालेलंच की, मास्तर. 1991 च्या पुस्तकात बाईनं दोऱ्यांचा कायमचा बंदोबस्त केलाय. जुन्या यानांची इंजिनं ड्रॅगननी नेली, तांबड्या ताऱ्याचा मार्गच हलवला. दुश्मन संपला. पोरगं मागच्या शतकांत शिरून भर घालतंय. करवंटीच ती."

"मागं तर बाई पण गेल्ती," संभा म्हणाला.

"तुला रे काय म्हाईत?"

"तूच मगाशी सांगितलंस. सरड्याचा ड्रॅगन कसा केला, हे तिनं कवा लिहिलं?"

पप्या जरा नरमला. 1988. पहिल्या पुस्तकानंतर वीस वर्षांनी, आणि गोष्ट मात्र सगळ्यात आधीची. म्हणजे आपल्याच ताटात बाई स्वतः वाढत होत्या. लेखकानं केलं तर चालतं, पोरानं केलं तर नाही, हा हिशोब मला कधी पटलेला नाही. पण पप्याचा वाचताना झालेला हिरमोडही खोटा नव्हता, आणि त्याचं कारण वारसा नव्हतंच. ते संभानं बाहेर काढलं.

त्याआधी मी मधे पडलो होतो. कंपनीनं पप्याला मागं जर्मनीला पाठवलेलं, तेव्हा स्टेशनवरच्या स्टॉलवरनं त्यानं 'पेरी ऱ्होडान' या जर्मन विज्ञानकथा मालिकेची एक पातळ पुस्तिका आणलेली. ती मालिका 8 सप्टेंबर 1961 ला के. एच. शेअर आणि क्लार्क डार्ल्टन या दोघांनी सुरू केली. दर आठवड्याला एक अंक, 2019 मध्ये तीन हजारावा निघाला. पहिल्या अंकात नायक 1971 साली चंद्रावर उतरतो. खरी माणसं 1969 लाच उतरली, तरी मालिका काही थांबली नाही. सुरू करणारे दोघंही कधीच गेले. लिहिणारी टोळी असते, आणि प्रत्येक अंकात काय घडणार याचा आराखडा एकदोघं आधी तयार करून बाकीच्यांना वाटतात.

"पॅटर्न शॉप," संभा म्हणाला. मग खिशातली किल्ली काढून त्यानं कट्ट्यावरच्या सांडलेल्या दुधात एक चौकोन काढला. "हे बघ. हा जॉब, म्हंजे ओतून काढायचा भाग. याचा पॅटर्न, म्हंजे रेतीत दाबायचा लाकडी नमुना, करायचा तर लाकूड याच्यापेक्षा जरा मोठं घ्यावं लागतंय." चौकोनाबाहेर दुसरा चौकोन. "कारण लोखंड थंड झालं की आकसतं. शंभर मिलीमीटरला एक धर. आता एखादा शहाणा काय करतोय, पॅटर्न हरवला म्हणून तयार जॉबच रेतीत दाबतोय. तेच्यावरनं ओततोय. दिसायला डिट्टो. पण बारका येतोय. तेच्यावरनं आणि एक काढ, आणि बारका. शेवटी बोल्ट बसत न्हाई. आता सांग, तुला पोराच्या पुस्तकात काय बसलं न्हाई?"

पप्यानं विचार केला. हे तो वादात सहसा करत नाही.

"काळात मागं जाणं," तो म्हणाला. "ड्रॅगन जागा बदलतात तसे काळातही जातात. आईच्या पहिल्याच पुस्तकात नायिका लेसा एकटी चारशे वर्षं मागं उडते, मदत आणायला. मरता मरता वाचते. ते वाचताना माझे हात गार पडलेले. पोराच्या पुस्तकांत जो उठतोय तो जातोय. अडलं की मागं, नडलं की मागं. आपण रिक्षानं बिंदू चौकात जावं तसं."

"जॉबावरनं जॉब," संभा म्हणाला. "आईनं काय घडवलं ते घेतलं. त्याला किंमत काय पडत होती, ते घेतलं न्हाई. आग ओकायला आधी दगड खायला लागतोय, हा तिचा पॅटर्न. पोरगं असू दे न्हाईतर परका, तो घेऊन वत म्हणावं की."

मास्तर म्हणाले, गावबाकडं पॅटर्न होता, कारण तो नाथांच्या घरात राहून ऐकत होता. पप्या म्हणाला, टॉड तर आईच्या पोटचा, त्यानं काय कमी ऐकलं असेल? त्यावर मास्तरांकडं उत्तर नव्हतं. ते चष्मा पुसत बसले, आणि तो चष्मा चांगला स्वच्छ होता.

मग पप्यानं शेवटचा फासा टाकला, की 'ड्यून' कादंबऱ्यांचं बघा. फ्रँक हर्बर्ट 1986 ला गेला, 1999 पासून पोरगा आणि केविन अँडरसन मिळून लिहालेत, बापाच्या टिपणांचा आधार आहे म्हणतात. तिथं तर पॅटर्नच हातात होता! संभानं विचारलं, टिपणं होती की ड्रॉइंग होतं? ड्रॉइंगवर माप असतंय, टिपणावर नुसती इच्छा. यावर दोघांचं जोरात वाजलं आणि गवळी म्हणाला, जरा हळू बोला, म्हैस दूध चोरालीय.

पैसे मास्तरांनी दिले. संभानं गाडीला किक मारली, मग बंद केली.

"पप्या, उद्या पुस्तक घेऊन ये."

"1968 चं आणतो. आईचं. तिथनं सुरू कर."

"न्हाई, पोराचं आण. जॉब बघून पॅटर्न कसा होता ते सांगतो मी."