बोलावलं होतं की गेलो होतो?

लेकीला शाळेत प्रोजेक्ट आलाय, तुमच्या घराण्यात गाव सोडून पहिलं कोण निघालं ते घरच्यांना विचारून लिहा. मी न्यू जर्सीत बसून कौतुकाने बडोद्याच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला तर काकांचा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. आपले खापरपणजोबा शिलेदार, गाव कवळाण्याजवळचं, आणि खुद्द सयाजीराव महाराजांनी 'आपल्याकडची भरवशाची माणसं' म्हणून त्यांना बोलावून घेतलं.

कवळाणे म्हणजे मालेगावजवळचं, नाशिक जिल्ह्यातलं. तिथल्या शेतकरी घरातला गोपाळ १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव झाला, बारा वर्षांचा, तोवर लिहिता-वाचता न येणारा. निवडीला तीन मुलं आणली होती, कशाला आलात विचारल्यावर हा म्हणाला राज्य करायला, ही गोष्ट आमच्याकडे वरणभातासोबत भरवतात. म्हणजे बडोद्याचं खरंखुरं बोलावणं त्या पोराला आलं होतं. आमच्यासकट बऱ्याच घरांनी ते नंतर उसनं घेतलं असा मला दाट संशय आहे.

कारण आजी सांगायची ती गोष्टच वेगळी होती. त्यात गाव नगरकडचं, पारनेरच्या बाजूचं. त्यात 'मोठा दुष्काळ' होता, आजीला साल माहीत नव्हतं पण हिशोब केला तर तो १८७६ ते ७८ चाच निघतो, ज्यात नगर सोलापूर पुणे सगळा पट्टा होरपळला. विहीर आटली, बैल विकले, आणि थोरल्याने धाकट्याला सांगितलं, तू बघ बाबा कुठे पोट भरतं का. धाकटा निघाला तो बडोद्याला येऊन पागेत लागला. "पहाटे उठून घोड्यांना खरारा करायचे," हे आजी अगदी अभिमानाने सांगायची. आता शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येणारा, तो सरकारी पागेतल्या घोड्यांना कशाला खरारा करत बसेल? ते काम मोतद्दाराचं. दोन पिढ्यांत आमचा मोतद्दार शिलेदार झाला आणि गाव पारनेरहून उचलून कवळाण्याशेजारी ठेवलं, सातबारा न बदलता. त्र्यंबकला उपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीत मूळ गाव तालुका पारनेर असंच लिहिलंय, काकांनी स्वतः पाहिलंय ते, तरीही.

मला राग येतो तो थापेचा नाही. थापा सगळ्याच घरांत असतात आणि आमची तशी निरुपद्रवी आहे. राग येतो तो 'बोलावलं' या शब्दाचा, कारण त्याच ग्रुपवर माझा चुलत दादा आहे, २००९ ला बडोद्याहून पुण्याला गेलेला. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात शाळेत पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं होतं, २९ जूनला सरकारने ते जीआर मागे घेतले, तोवर दादाच्या रोजच्या पोस्टा. पहिलीपासून तिसरी भाषा नको हे माझंही मत आहे, पण दादा भाषेवरून घसरला तो थेट हिंदी बोलणाऱ्या माणसांवर, यांना इथे बोलावलं कोणी म्हणे. आणि सप्टेंबरात ट्रम्पने नव्या एच-वन-बीवर, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसावर, एक लाख डॉलर फी लावली तेव्हा सगळ्यात आधी मेसेज त्याचाच, काय अन्याय आहे गं, त्यांच्या कंपन्या आपल्याच लोकांनी चालवल्यात ना! ज्याला पुण्यात अजून लोक विचारतात की तुमचं मराठी जरा गुजराती वळणाचं वाटतं, कुठले तुम्ही, त्याने हे लिहावं. मी एक स्मायली टाकून गप्प बसले, परदेशात राहणाऱ्याने काहीही बोललं की 'तुला काय कळतंय तिकडून' ठरलेलं असतं.

बरं मी तरी काय वेगळी. आई बडोद्यात अजून सांगते, हिला अमेरिकेतल्या कंपनीने बोलावलं. कसलं बोलावलंय, एमएस संपवून ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीचे, महिने मोजत दीडशे-दोनशे अर्ज टाकले, एकाने घेतलं आणि व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला. मी कधीच आईचं वाक्य दुरुस्त केलं नाही.

लेकीला घेऊन एलिस आयलंडला गेलो होतो. १८९२ ते १९५४ तिथून लाखो लोक या देशात शिरले, आणि इथल्या अनेक घरांत ठरलेली गोष्ट असते की आमचं आडनाव तिथल्या कारकुनाने बदललं. खरं म्हणजे तिथे नावं लिहीतच नव्हते, जहाज सुटताना कंपनीने केलेली यादी समोर ठेवून तपासायचे, आडनावं बहुतेकांनी पुढे आपणच बदलली. पण इथे गोष्ट निदान तपासता तरी येते, ७२ वर्षं झाली की जनगणनेचे कागद नावानिशी सगळ्यांना खुले, १९५० चे २०२२ मध्ये झाले. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने घराघराची माहिती गोपनीय, त्यामुळे आमच्यासारख्यांकडे उरतात त्र्यंबकची वही आणि काका.

आणि बोलावणं खरं असलं तरी काय होतं तेही बडोद्यानेच दाखवलंय. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ला बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, परत येऊन संस्थानची नोकरी करायची असा करार होता, म्हणजे १९१७ ला ते आले ते रीतसर. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथेही लोक काठ्या घेऊन आले, ओळखीच्या दोघांनी कारणं सांगून हात वर केले, आणि रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास कामाठी बागेत काढून ते मुंबईला परतले. त्यांनीच लिहून ठेवलंय हे. त्या बागेत मी लहानपणी शंभरदा भेळ खाल्लीय, तेव्हा घरात कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आमच्या गोष्टीत दुष्काळ आहे, बैल आहेत, महाराज आहेत, १९१७ नाही.

म्हणून रविवारी आत्याला फोन लावला, तिची स्मरणशक्ती काकांपेक्षा बरी आणि तिला शिलेदारात रस नाही. म्हटलं आत्या, तेव्हा आपण राहायचो कुठे गं? म्हणाली रावपुऱ्यात, आपलंच घर झालेलं होतं तोवर, मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे.

कोणाला द्यायचे?

"आजी म्हणायची, कधीकधी वर्ष वर्ष रिकाम्या राहायच्या," आत्या म्हणाली. "ओळखीचेच घ्यायचे ना."