कोड वेगळे, म्हणून गोंधळ नाही?

सीडीएमए, म्हणजे अनेक फोनांनी एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, आपापल्या कोडने बोलण्याची मोबाइल पद्धत, समजावताना एक उदाहरण हमखास फिरतं: एका खोलीत अनेक जोड्या वेगवेगळ्या भाषांत बोलतायत, आपल्याला आपली भाषा कळते, बाकीचा नुसता गलका. त्यावरून निष्कर्ष असा की प्रत्येकाचा कोड वेगळा असल्यावर रिसीव्हरने एकेक सिग्नल सुटा न पाहता सगळ्यांचे सिग्नल एकत्र ओळखणं ही नसती उठाठेव.

मुळात कोड वेगळे असले म्हणजे ते एकमेकांना छेदत नाहीत, असं नाही. आयएस-९५ या सीडीएमएच्या जुन्या मोबाइल मानकात टॉवरकडून निघणारे ६४ वॉल्श कोड (एकमेकांत न मिसळतील असे रचलेले) एकाच ठोक्यावर सुटायचे, म्हणून त्यांचा परस्परसंबंध, म्हणजे एकाची दुसऱ्यात होणारी सरमिसळ, शून्य राहायचा. (इमारतींवरून उशिरा येणारे प्रतिध्वनी तिथेही ही शिस्त मोडायचे.) फोनकडून टॉवरकडे येताना मात्र प्रत्येकाचं अंतर वेगळं, ठोका वेगळा, म्हणून कोड एकमेकांत मिसळतात.

आता त्याच खोलीत कुणी कानाशी ओरडू लागला तर? सिग्नलची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते असं धरू. सारख्याच शक्तीने बोलणारे दोन फोन, एक १०० मीटरवर, एक १ किलोमीटरवर: जवळचा १०,००० पट जोरात. ६४ चिपांचा (चिप म्हणजे कोडचा सर्वांत लहान तुकडा) कोड त्याला सरासरी ६४ पटच दाबतो. उरतो तो दूरच्यापेक्षा दीडशे पट मोठा!

यावर 'पॉवर कंट्रोल आहे ना', म्हणजे जवळच्या फोनला हळू बोलायला लावता येतं, हे उत्तर खरं आहे. आयएस-९५ मध्ये सेकंदाला ८०० वेळा फोनची शक्ती वरखाली केली जायची, आणि त्यावर जाळी चालली. पण त्यात रिसीव्हरची उणीव फोनच्या शिस्तीवर ढकललेली असते. शेजाऱ्याचा सिग्नल म्हणजे निव्वळ गोंगाट नव्हे. त्याचा कोड बेस स्टेशनला, म्हणजे टॉवरवरच्या रिसीव्हरला, ठाऊक असतो. हाती असलेली माहिती का टाकायची? माहिती-सिद्धांताचे संशोधक सर्जियो वर्डू यांनी १९८६ मध्ये दाखवलं की जवळ-दूरचा हा प्रश्न सीडीएमएचा नाही, एकेकाला सुटं पाहणाऱ्या रिसीव्हरचा आहे.

'पण गणित झेपणार नाही.' सगळ्यांच्या बिटांची प्रत्येक जुळणी तपासणाऱ्या सर्वोत्तम पद्धतीला नाही झेपत: ३० वापरकर्ते, प्रत्येकाचा एकेक बिट, तर शंभर कोटींहून जास्त शक्यता. डीकोरिलेटर ही सोपी पद्धत मात्र परस्परसंबंधांच्या मॅट्रिक्सचा (कोण कुणात किती मिसळतो, त्या तक्त्याचा) व्यस्त घेऊन शेजाऱ्यांना पुरतं काढतो, ते कितीही जोरात असोत. किंमत म्हणून औष्णिक गोंगाट (रिसीव्हरमध्ये उष्णतेमुळे असणारी खरखर) वाढतो. एमएमएसई (सरासरी चूक कमीत कमी ठेवणारा रिसीव्हर) शेजाऱ्यांचा अडथळा आणि हा गोंगाट या दोन्हींत तडजोड साधतो. सर्वांत जोरकस सिग्नल आधी ओळखून वजा करत जाणं आणखी सोपं, फक्त तिथे बिट चुकला तर त्या शेजाऱ्याचा अडथळा जाण्याऐवजी चौपट होतो.

शेजारच्या सेलमधल्या फोनांचे कोड बेस स्टेशनला सहसा ठाऊक नसतात. तेवढ्यांपुरता तो गलका गलकाच.